साखरेच्या आजारात स्नायू का झिजतात?

मधुमेहाचे निदान होण्यापूर्वी अनेक रुग्णांना, विशेषतः मुलांना आणि तरुणांना, एक चमत्कारिक अनुभव येतो. भूक प्रचंड वाढलेली असते, खाणेही वाढलेले असते, आणि तरीही वजन उतरत जाते. दंड आणि मांड्या बारीक होतात, जिना चढताना पायांत बळ राहत नाही. रक्तातली साखर वाढली आहे, एवढेच कारण सांगितले तर घरच्यांना ते पटत नाही, आणि त्यांचे न पटणे रास्त आहे. साखर म्हणजे इंधन. इंधन रक्तात तुडुंब भरलेले असताना माणूस सुकावा कसा? ते इंधन लघवीवाटे वाहून जाते, हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर प्रथिनांच्या हिशेबात सापडते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास आरेटिअस या ग्रीक वैद्याने या आजाराचे वर्णन करताना मांस आणि अवयव वितळून लघवीत उतरतात, अशा आशयाचे लिहून ठेवले होते. त्याला इन्सुलिन ठाऊक नव्हते, रसायनशास्त्रही ठाऊक नव्हते, पण त्याची नजर नेमकी होती. पुढे साखर मोजण्याची साधने आली, 'साखरेचा आजार' ही ओळख रूढ झाली आणि वितळणाऱ्या मांसाची गोष्ट मागे पडली. ती पुन्हा पुढे आणणे हा या लेखाचा उद्देश आहे.

साठा नसलेले भांडवल

प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची लांबलचक साखळी असते. आपल्या शरीरातली प्रथिने प्रामुख्याने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात आणि त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. इन्सुलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणारे रसायन, स्वतःसुद्धा एक लहानसे प्रथिनच आहे. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडून ते तयार होते.

प्रथिनांचा एक विशेष सहसा लक्षात घेतला जात नाही. जास्तीची साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात ठेवता येते, जास्तीची चरबी तर कितीही ठेवता येते. अमिनो आम्लांना मात्र असे कोठार नाही. सुटी अमिनो आम्ले शरीरात एका वेळी साधारण १०० ग्रॅमच्या आसपासच असतात. बाकी सगळे, म्हणजे प्रौढ माणसाच्या शरीरातले सुमारे १० ते १२ किलो प्रथिन, कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपलेले असते: स्नायू आकुंचन पावतात ते त्याच्यावर, पचन चालते ते त्याच्यावर, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे त्याचीच. त्यामुळे शरीराने प्रथिन 'काढले' याचा अर्थ काहीतरी चालते काम मोडले, असाच होतो.

त्यातही हे भांडवल स्थिर नाही. रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडले जाते आणि तेवढेच पुन्हा बांधले जाते. आपण खातो ते प्रथिन याच्या जेमतेम पाव ते तृतीयांश असते. उरलेला माल मोडलेल्या जुन्या प्रथिनांतूनच परत मिळतो. एखाद्या घराची डागडुजी वर्षानुवर्षे अखंड चालू आहे, एका भिंतीच्या विटा काढून दुसरी भिंत सांधली जात आहे आणि तरीही घर बाहेरून जसेच्या तसे दिसत आहे, असे हे चित्र आहे. पाडकाम करणारे आणि बांधकाम करणारे यांचा वेग सारखा असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. पाडकाम थोडेसे पुढे गेले, आणि तेही रोज, तर मात्र घर डोळ्यांना दिसेल इतके खचत जाते.

इन्सुलिन बांधते की पाडकाम रोखते?

इन्सुलिनचे काम समजावताना 'कुलूप आणि किल्ली' हा दृष्टांत इतक्या वेळा दिला जातो की, इन्सुलिन पेशीचे दार उघडून साखर आत सोडते, यापलीकडे त्याला दुसरे काही काम असेल असे वाटतच नाही. मला तो दृष्टांत अपुरा वाटतो. इन्सुलिनचा निरोप खरे तर असा असतो: 'अन्न आले आहे, टंचाई संपली, आता घरातले काही मोडू नका.' साखर आत घेणे हा त्या निरोपाचा केवळ एक भाग आहे.

प्रथिनांच्या बाबतीत या निरोपाचे दोन परिणाम होतात. इन्सुलिन बांधकामाला परवानगी देते आणि पाडकामाला मनाई करते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत यांपैकी दुसरा परिणाम अधिक ठळक असतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. टाइप-१ मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, रुग्णांचे इन्सुलिन देखरेखीखाली काही तास थांबवून जी मोजमापे केली गेली आहेत, त्यांत स्नायूंचे बांधकाम फारसे घटलेले दिसत नाही. पाडकाम मात्र वाढलेले दिसते. रुग्ण बारीक होतो तो गवंडी घरी गेले म्हणून नव्हे, तर पाडकाम करणाऱ्यांना अडवणारा मुकादमच नाहीसा झाला म्हणून.

पेशीच्या आत हे पाडकाम अतिशय शिस्तीत चालते. मोडायच्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाची एक छोटी खूणचिठ्ठी चिकटवली जाते आणि अशी चिठ्ठी लागलेले प्रथिन प्रोटिआसोम नावाच्या नळकांडीसारख्या यंत्रात जाऊन तुकडे होऊन बाहेर पडते. या चिठ्ठीपद्धतीच्या शोधासाठी २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्नायूंत चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करणारे घटक इन्सुलिनच्या संदेशामुळे पेशीच्या केंद्रकाबाहेर अडवून ठेवले जातात. संदेश क्षीण झाला की ते केंद्रकात शिरतात आणि चिठ्ठ्यांचे उत्पादन वाढते.

बांधकामाबद्दलही एक बारकावा सांगायला हवा. केवळ इन्सुलिन दिले आणि अमिनो आम्ले पुरवली नाहीत, तर रक्तातली अमिनो आम्ले घटतात, कारण पाडकाम थांबल्यामुळे सुटा मालच येईनासा होतो; अशा वेळी स्नायूंचे बांधकाम वाढत नाही. जेवणानंतर दोन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हाच भिंत खऱ्या अर्थाने उभी राहते. ल्युसीन हे अमिनो आम्ल तर केवळ वीट नाही, ते पेशीला 'विटा आल्या आहेत' अशी वर्दीही देते.

मांसापासून साखर

मोडलेल्या प्रथिनांची अमिनो आम्ले जातात कुठे? १८८९ साली योसेफ फोन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला, हा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचा कमी प्रसिद्ध असलेला पुढचा भाग आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. अशा कुत्र्यांना फक्त मांस दिले तरी त्यांच्या लघवीत साखर येतच राहिली, आणि ती वाटेल तशी येत नव्हती: लघवीतल्या दर एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे २.८ ग्रॅम साखर, असे बऱ्यापैकी ठरलेले प्रमाण मिंकोव्स्कीला आढळले. नायट्रोजन हा प्रथिनांचा ठसा आहे, कारण साखरेत आणि चरबीत तो नसतो, साधारण ६.२५ ग्रॅम प्रथिन मोडले की एक ग्रॅम नायट्रोजन निघतो. म्हणजे दर १०० ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ४५ ग्रॅम साखर. साखर खाल्ली नाही तरी साखर कशी वाढते, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रमाणात दडलेले होते.

हे रूपांतर यकृतात होते. स्नायूंतून बाहेर पडणाऱ्या अमिनो आम्लांत ॲलानिन आणि ग्लुटामिन या दोघांचा वाटा निम्म्याहून अधिक असतो, वास्तविक स्नायूंच्या प्रथिनात ती एवढ्या प्रमाणात नसतातच. याचे कारण असे, की नायट्रोजन मोकळा सोडला तर त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया मेंदूला घातक असतो. म्हणून स्नायू इतर अमिनो आम्लांचा नायट्रोजन या दोन 'वाहकां'वर लादून रवाना करतात. यकृत ॲलानिनचा नायट्रोजन काढून त्याचा युरिया करते, जो मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि उरलेल्या सांगाड्यापासून साखर घडवते. ॲलानिनमधला काही कार्बन मुळात साखरेतूनच आलेला असतो, त्यामुळे यातला थोडा व्यवहार जुन्याच पैशांचा फेर असतो. पण इतर अमिनो आम्लांच्या सांगाड्यांतून येणारी साखर ही खरोखरच नवी, स्नायू मोडून आणलेली असते.

निरोगी माणसात यकृताच्या या कारखान्यावर इन्सुलिनचा लगाम असतो. घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसे इन्सुलिन गेले की त्याचे विरोधी संप्रेरक ग्लुकॅगॉनही अनावर होते, कारण त्यालाही इन्सुलिनच आवरून धरत असते. ग्लुकॅगॉन यकृताला अमिनो आम्ले अधिक वेगाने ओढून घ्यायला आणि त्यांची साखर आणि युरिया करायला लावते. त्यामुळे अनियंत्रित टाइप-१ मधुमेहात रक्ताची तपासणी केली तर एक विसंगत वाटणारे चित्र दिसते: ॲलानिन घटलेले असते, कारण यकृत ते हावरटासारखे गिळत असते, तर ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले वाढलेली असतात, कारण त्यांच्या विघटनाची पहिली पायरी यकृतात जवळजवळ होतच नाही. या तिघांच्या रेणूला फाटा फुटलेला असतो, म्हणून त्यांना शाखायुक्त अमिनो आम्ले म्हणतात. लेखाच्या उत्तरार्धात ती पुन्हा भेटतील.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे करता येते. रुग्णाच्या रक्तातली वाढलेली साखर ही सगळीच त्याच्या ताटातून आलेली नसते. चुलीत घालायला लाकूड आहे, पण लाकूड आत नेणारा कोणी नाही, म्हणून घरातले पाट आणि चौरंग फोडून त्याची मोळी दारात रचावी, आणि तीही आत न जाता पावसात वाहून जावी, अशी ही अवस्था आहे.

उपवासातही असेच होते ना?

ही शंका योग्य आहे. उपाशी माणसातही इन्सुलिन कमी होते, ग्लुकॅगॉन वाढते आणि स्नायूंची अमिनो आम्ले यकृताकडे निघतात. कारण मेंदूला साखर हवी असते आणि चरबीपासून ती फारशी बनत नाही. दीर्घ उपासमारीचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज काहिल यांनी उपवासाच्या सुरुवातीच्या काळात दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम स्नायूप्रथिन मोडले जाते, असा अंदाज मांडला होता. पण पाच-सहा आठवड्यांनंतर तोच आकडा २० ग्रॅमच्या आसपास उतरतो. मधल्या काळात मेंदू चरबीपासून बनणाऱ्या कीटोन नावाच्या इंधनावर बरेचसे भागवायला शिकतो आणि शरीर प्रथिनांच्या बाबतीत कमालीचे काटकसरी होते.

उपाशी माणसाच्या रक्तात इन्सुलिन थोडे का होईना, असतेच, आणि तेवढ्यावर ही काटकसर सांभाळली जाते. टाइप-१ मधुमेहात तोही आधार नसतो. कीटोन तर वाढतात, इतके की रक्त आम्लधर्मी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो, पण पाडकाम मात्र आवरत नाही. इन्सुलिन मिळण्यापूर्वीच्या काळात अशा रुग्णांना उपाशी ठेवण्याचा उपचार केला जाई. त्यामुळे साखर थोडी उतरे आणि आयुष्य काही महिन्यांनी लांबे. झीज चालूच राही.

टाइप-२ मध्ये इन्सुलिन असते, मग तिथे काय?

टाइप-२ मधुमेहात इन्सुलिन तयार होते, पुष्कळदा सुरुवातीला गरजेपेक्षा जास्तच. पेशी त्याला दाद देत नाहीत, ही अडचण असते. तिला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. असे रुग्ण बहुधा हाडकुळे होत नाहीत. याचे कारण असे, की इन्सुलिनच्या वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे प्रमाण लागते. चरबीचे विघटन अगदी थोड्या इन्सुलिनने थांबते, प्रथिनांचे पाडकामही माफक इन्सुलिनने आवरते, पण स्नायूंत साखर ओढून घ्यायला त्याहून बरेच अधिक इन्सुलिन लागते. कुजबुजीत दिलेला हुकूम ऐकून पाडकामवाले थांबतात, साखरेच्या हमालांना मात्र ओरडून सांगावे लागते. त्यामुळे प्रतिरोधात पहिल्यांदा बिघडतो तो साखरेचा व्यवहार.

म्हणून प्रथिनांचा व्यवहार शाबूत राहतो, असे मात्र नाही. लठ्ठ आणि इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या व्यक्तींच्या रक्तात तीच तीन शाखायुक्त अमिनो आम्ले वाढलेली असतात, हे १९६९ सालीच नोंदवले गेले होते. नंतर अनेक वर्षे या निरीक्षणाकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. २०११ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि विषय पुन्हा चर्चेत आला. साखर सामान्य असलेल्या २,४२२ व्यक्तींवर १२ वर्षे लक्ष ठेवले गेले होते आणि त्यांपैकी २०१ जणांना मधुमेह झाला. त्यांचे जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले तेव्हा ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, टायरोसीन आणि फेनिलॲलानिन ही पाच अमिनो आम्ले निदानाच्या कितीतरी वर्षे आधीच वाढलेली आढळली.

अर्थातच पुढचा प्रश्न असा, की ही अमिनो आम्ले मधुमेह घडवतात, की येऊ घातलेल्या मधुमेहाची नुसती चाहूल देतात? इथे घाई करणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. ती वाढल्यास स्नायूंतला इन्सुलिनचा संदेश बिघडू शकतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. उलट बाजूने, प्रतिरोध आला की चरबीच्या ऊतींत आणि यकृतात या अमिनो आम्लांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मंदावते, त्यामुळे ती साचतात, हेही दिसले आहे. आतड्यांतले काही जिवाणू त्यांच्या वाढीला हातभार लावतात, असेही पुरावे आहेत. आनुवंशिक माहितीवर आधारलेल्या अभ्यासांतले काही पहिल्या दिशेने बोट दाखवतात, तर काही दुसऱ्या. माझ्या मते हे एकच कारण आणि एकच परिणाम असे सरळ नाते नसून एकमेकांना रेटणारे चक्र असावे, आणि त्याची सुरुवात बहुधा प्रतिरोधाकडून होत असावी. रस्त्यावर पाणी तुंबले की गटार तुंबले आहे हे कळते, आणि तुंबलेले पाणी गटारात आणखी कचराही ढकलते.

मग प्रथिने कमी खावीत का?

वरचा भाग वाचून हा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो बरोबर नाही. रक्तात साचलेली अमिनो आम्ले ही मुख्यतः निचरा मंदावल्याची खूण आहे. जेवणातले प्रथिन कमी केले तर पाडकाम कमी होईलच असे नाही; भरपाईचा माल कमी झाल्यामुळे स्नायूंचे नुकसान मात्र होऊ शकते. वयस्क मधुमेहींत स्नायूंची ताकद इतरांपेक्षा लवकर घटते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही चूक महाग पडते. निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले सुरक्षित प्रमाण दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, आणि केवळ मधुमेह आहे म्हणून त्याखाली जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते.

दुसरी शंका याच्या उलट असते: प्रथिनापासून साखर बनते, तर प्रथिन खाल्ल्यावर साखर का भडकत नाही? मिंकोव्स्कीच्या कुत्र्यांत इन्सुलिन मुळीच नव्हते, हे इथे विसरता कामा नये. अमिनो आम्ले स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि त्याच वेळी ग्लुकॅगॉनही सोडायला लावतात. ही दुहेरी योजना फार हुशारीची आहे. साखरविरहित, नुसत्या प्रथिनांच्या जेवणानंतर केवळ इन्सुलिन सुटले असते तर अमिनो आम्ले पेशींत गेली असती खरी, पण रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली आली असती. ग्लुकॅगॉन तेवढ्यापुरती साखर यकृतातून सोडून तोल राखते. त्यामुळे ज्यांचे स्वादुपिंड काही प्रमाणात काम करते अशा टाइप-२ रुग्णांत प्रथिनांमुळे साखर फारशी हलत नाही.

टाइप-१ मध्ये मात्र ग्लुकॅगॉन सुटते आणि समोर इन्सुलिन नसते. म्हणून प्रथिनांनी भरलेल्या मोठ्या जेवणानंतर तीन ते पाच तासांनी साखर हळूहळू चढते, आणि जेवणातली केवळ कर्बोदके मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्याला ही चढण कुठून आली ते कळत नाही. ही त्याची मोजण्यातली चूक नसते, मोजण्याची पद्धतच अर्धवट असते.

इन्सुलिन घेतल्यावर वजन वाढते, ते वाईटच का?

इन्सुलिन सुरू केल्यावर वजन वाढते ही तक्रार खरी आहे, आणि टाइप-२ मध्ये मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर चरबीही वाढते. पण त्या वाढीचा काही भाग हा गमावलेले परत मिळाल्याचा असतो. साखर लघवीत वाहून जाणे थांबते, पाडकाम थांबते, आणि झिजलेले स्नायू अन्न मिळताच भरू लागतात. त्यांच्या जोडीला व्यायाम असला तर आणखी चांगले, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता साखर ओढून घेतो, आणि स्वतःच्या बांधकामालाही चालना देतो.

टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये ज्याला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले तो लेनर्ड थॉम्पसन त्या वेळी १४ वर्षांचा होता आणि त्याचे वजन जेमतेम २९ किलो होते. ११ जानेवारीला दिलेला पहिला अर्क अशुद्ध असल्याने त्याचा फारसा गुण आला नाही. शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर लघवीतली साखर आणि कीटोन झपाट्याने उतरले. त्या काळातल्या अशा मुलांच्या उपचारांपूर्वीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांत बरगड्या मोजता येतील अशी शरीरे काही महिन्यांत गुबगुबीत झालेली दिसतात. त्या चित्रांकडे पाहताना साखरेचा आकडा दिसत नाही, भरलेले दंड आणि गाल दिसतात. लेनर्ड त्यानंतर आणखी तेरा वर्षे जगला.